अर्धा करंट

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

आणि खरी आहे. कुणाच्या मावशीच्या शेजारणीने सांगितलेली नाही. मी तिथे होते. माझ्या स्वतःच्या पाठीला ते लागलंय. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या.

साल १९८५. डिसेंबर महिना. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा.

मी नलिनी. तेव्हा सांताक्रूझला, वाकोल्यात राहायचे. बाबा गिरणीतले, संपानंतर घरीच. मी आयटीआय करून या गाळ्यात टेस्टिंगला लागले होते. आम्ही प्लेटिंगवाल्यांसाठी रेक्टिफायर बनवायचो, जुने दुरुस्तही करायचो. नळ, कड्या, सायकलचे पार्ट टाकीत बुडवून त्यांच्यावर चकचकीत निकेल चढवतात ना, त्याला डीसी करंट लागतो. आमचं मशीन मेन्सचा, म्हणजे विजेच्या लाइनचा, एसी घेऊन त्याचा डीसी करून द्यायचं.

थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

घरातला करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढे जातो आणि पन्नास वेळा मागे येतो. डायोड म्हणजे एकेरी दरवाजा. पुढून ढकलला की उघडतो, मागून ढकलला की गच्च बंद. चार डायोड नीट जोडले की पुढची लाट लोडला, म्हणजे करंट वापरणाऱ्याला, मिळते आणि मागची लाटही सुलटी होऊन मिळते. सीआरओ म्हणजे करंटची लाट दाखवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर हिरव्या टेकड्या दिसतात. टेकडी, टेकडी, टेकडी. मधे जागाच नाही.

एक डायोड गेला की मधली टेकडी गायब.

टेकडी... सपाट. टेकडी... सपाट.

लोड म्हणून आमच्याकडे एक मोठी फळी होती, ट्रकच्या हेडलाइटचे बल्ब लावलेली. बल्ब हा साधा रेझिस्टिव्ह लोड. तो काही साठवून ठेवत नाही. दिलं तेवढं घेतो, त्याचा उजेड आणि उष्णता करून टाकतो. द्यायचं थांबलं की संपलं.

हे सगळं मला भीमराजने शिकवलं. तो मानखुर्दचा. माझ्याआधी तिथे लागलेला, पण साहेबगिरी अजिबात नाही. सतत शीळ घालायचा. त्याच्या शिळेवरून बाहेरच्या असेंब्लीवाल्यांना कळायचं, मशीन पास झालं की वाट लागली.

ते मशीन टेम्पोतून घाटकोपरहून आलं. असल्फ्याच्या एका प्लेटिंगवाल्याचं. खांद्याएवढं उंच, हिरवं पत्र्याचं कपाट. तक्रार साधी होती. करंट अर्धाच येतो, माल काळपट निघतो.

"एक डायोड उडालाय," भीमराज न उघडताच म्हणाला. "जेवणाआधी होऊन जाईल."

मी मशीन पुसायला घेतलं. त्याच्या उजव्या बाजूच्या पत्र्यावर एक जागा वेगळी दिसली. रंग घासून गेलेला, पत्रा गुळगुळीत. बऱ्यापैकी रुंद. आणि त्याच्या वर... एक छोटा, गोल, तेलकट डाग.

मी फडका फिरवला. डाग निघाला नाही.

"हे काय असेल रे?"

भीमराजने बघितलं. मग एक लोखंडी स्टूल ओढलं, त्या पत्र्याला लावलं आणि टेकून बसला. रुंद जागा बरोबर त्याच्या पाठीमागे गेली. गोल डाग डोक्यामागे.

"कोणीतरी आरामात बसायचा इथे," तो हसला. "मशीन चालू असलं की पत्रा कोमट राहतो. झकास शेकत बसत असणार."

स्टूल तिथेच राहिलं.

आम्ही मशीन लोडवर टाकलं. बल्ब मंद पेटले. सीआरओवर टेकडी... सपाट. टेकडी... सपाट.

मशीन बंद करून भीमराजने चारही डायोड काढून मीटरवर तपासले. एका बाजूने चालू, दुसऱ्या बाजूने बंद. चारही चांगले.

तरी त्याने नवे लावले.

टेकडी... सपाट.

वायरी बदलल्या. जोड घासून घट्ट केले. फरक नाही. भीमराजची शीळ थांबली होती.

मग त्याने टाँग टेस्टर घेतला. तो चिमट्यासारखा वायरीभोवती धरला की आत किती करंट जातोय ते दाखवतो. लोडला अर्धंच मिळत होतं, म्हणजे आत जाणारा करंटही कमी दिसायला हवा होता.

काटा पूर्ण लोडवर गेला.

त्याने टेस्टर काढला, पुन्हा धरला. तोच आकडा.

"नलू... हे मशीन मेन्सकडून पूर्ण घेतंय."

"मग?"

"बल्बना अर्धं देतंय. मग उरलेलं अर्धं जातंय कुठे?"

करंट कुठेतरी जात असेल तर तिथे काहीतरी तापणार. म्हणून मी हाताने चाचपायला लागले. ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा. वायरी गार. डायोडच्या पट्ट्या कोमट.

चाचपताना माझा हात त्या स्टुलावर पडला.

गरम होतं.

तापलेल्या लोखंडासारखं नाही. कुणी बराच वेळ बसून नुकतंच उठलं की बसायची जागा जशी लागते ना... तसं.

"तू आत्ता बसला होतास?"

"मशीन चालू केल्यापासून मी उभाच आहे," भीमराज म्हणाला.

आणि ते खरं होतं.

त्याने हात लावला. लगेच काढून घेतला. मग आमच्या दोघांचंही लक्ष सीआरओकडे गेलं. टेकड्यांच्या मधली सपाट रेघ... सपाट नव्हती. किंचित वर यायची. थांबायची. खाली जायची. मेन्सच्या चालीने नाही. सावकाश.

झोपलेल्या माणसाची छाती हलते, तशी.

भीमराजने स्विच पाडला.

बल्ब विझले. पडद्यावर एक सरळ रेघ. मशीनचा गुंगाट थांबला तेव्हा कळलं, तो किती मोठा होता. टेस्टिंगच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. पुढच्या भागातला ड्रिलचा आवाज येत होता, म्हणून जरा धीर होता.

मग स्टूल करकरलं.

बसलेला माणूस अंग सावरतो ना, तसं.

मी टेबलाकडे तोंड करून उभी होते. माझ्या मागे कुणीही नव्हतं. भीमराज समोर होता. आणि माझ्या पाठीला... काहीतरी टेकलं.

धक्का नाही. ढकललं नाही. नुसतं टेकलं. हळूहळू वजन वाढत गेलं.

झोपलेल्या माणसाचं वजन वेगळं असतं. जागा माणूस टेकला तरी स्वतःला थोडं सावरून असतो. झोपलेला सगळाच आपल्यावर येतो. हे तसं होतं. आणि गार. पाठीच्या मधोमध, स्वेटरमधून, ब्लाउजमधून आत झिरपणारं गार.

भीमराजने माझा चेहरा बघितला आणि एका झेपेत स्विच वर केला.

बल्ब पेटले. मंदच.

पाठीवरचं वजन गेलं.

आमचे साहेब चंद्रप्रकाश सामंत, मालवणकडचे. आम्ही सांगितलं तसे वैतागले. "नलिनी, माका गजाली सांगू नको गो. पार्टीचा फोन येतासा. डायोड बदल आणि पाठवून दे." मग स्वतःच आत गेले. मशीन बंद केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने परत चालू केल्याचा.

बाहेर आले तेव्हा एका हाताने पाठ चोळत होते. आमच्याकडे बघेनात.

"ह्यां मशीन बंद करू नका," एवढंच म्हणाले. "उद्या त्यांच्याकडे जावन चौकशी करा. दोघां जावा."

दुसऱ्या दिवशी मी आणि भीमराज असल्फ्याला गेलो. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, आत टाक्यांची ओळ, नाकात झोंबणारा वास. शेडचा मालक नव्हता. एक बाई उकिडवी बसून नळ धूत होती. हात कोपरापर्यंत फाटलेले, पांढरे पडलेले. नाव शकु. आम्ही हिरव्या मशीनचं विचारलं, तशी ती धुवायची थांबली.

"त्याच्यावर माझा मालक होता," ती म्हणाली. "खंडू नाव."

होता.

खंडू त्या मशीनवर काम करायचा. टाकीत माल सोडायचा, मशीन चालू करायचा आणि माल निघेपर्यंत पत्र्याला पाठ लावून स्टुलावर बसायचा. त्याला थंडी फार वाजायची. दिवाळी झाली, थोडा गारवा आला, तेव्हा एका सकाळी असाच बसला. डोळे मिटले. शेजारच्या टाकीवाल्यांनी बघितलं, म्हटलं रात्रपाळी करून दमलाय, झोपू दे. एकाने खांद्याला हात लावून बघितलं. अंग चांगलं गरम. मग त्यानेच टाकीतला माल काढला, दुसरा सोडला. मशीन चालूच राहिलं.

"दुपारी म्या डबा घेऊन आले," शकु म्हणाली. "म्या बी हात लावला. गरम व्हते. म्हनलं निजूं दे. डबा बाजूला ठेवला नि गेले."

संध्याकाळी मशीन बंद केलं. लोक हातपाय धुऊन निघाले. जाता जाता कुणीतरी त्याला हाक मारली.

डॉक्टर म्हणाला, हा सकाळीच गेलाय. हार्ट बंद पडलं. अंग गरम होतं, ते मशीनमुळे.

भीमराज हळूच म्हणाला, "ताई, तो अजून बसलाय."

मला वाटलं ती रडेल, किंवा आम्हाला हाकलेल. तिने फक्त विचारलं, "थंडी वाजतीय का त्यास्नी?"

शकु आमच्याबरोबर आली. ओले हात पदराला पुसत तशीच निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. गाळ्यात शांतता. साहेब बाहेर थांबले. आम्ही तिघं आत गेलो. मशीन गुणगुणत होतं. बल्ब मंद. पडद्यावर टेकडी... आणि मधली ती रेघ. वर. खाली.

शकु स्टुलापुढे जमिनीवर बसली. हात पुढे केला. जिथे गुडघा असेल तिथे ठेवला. तिचा हात हवेत थांबला. खाली पडला नाही.

"अवो," ती म्हणाली. "उठा. दुपार झाली."

काहीच झालं नाही.

"त्या दिशी मी उठवलं न्हाई तुमास्नी. कुनीच उठवलं न्हाई. तुमास्नी वाटत असंल, अजून माल निघायचाय. निगाला तो. कवाच निगाला."

मधली रेघ थांबली. वर आलेली तशीच राहिली.

"तुमी निजला न्हाईसा." तिचा आवाज फुटला, पण ती बोलत राहिली. "तुमी गेलाय. आमी अग्नी दिला तुमास्नी. सम्दं केलं. तुमी हितं नगा बसू. उठा बघू आता. उठा."

बल्बांचा उजेड वाढायला लागला.

मी सीआरओकडे बघत होते. दोन टेकड्यांच्या मधून तिसरी वर येत होती. आधी एवढीशी. मग खांद्याएवढी. मग बाकीच्यांच्या बरोबरीला.

टेकडी. टेकडी. टेकडी.

खोली पांढरी झक्क झाली. डोळे दिपले. त्या उजेडात स्टूल फरशीवर मागे सरकलं... खर्र... जसं कुणी उठताना सरकवतो.

शकुचा हात एकदम खाली आला.

भीमराज दाराशी उभा होता. खोलीला ते एकच दार. मी बघत असताना त्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं, तोल गेल्यासारखं. दाराच्या चौकटीला धरलं.

"काय झालं रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "गेला वाटतं."

मी स्टुलाला हात लावला. गार. लोखंड जसं असतं तसं.

मशीन बंद केलं. काही झालं नाही. परत चालू केलं. करंट पूर्ण. साहेबांनी शकुताईला चहा दिला, तिच्या पाया पडले. ती नको नको म्हणत होती. जाताना मात्र तिचा चेहरा हलका दिसला. मला वाटलं, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

मशीन परत गेलं. नंतर त्याची तक्रार आली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

भीमराज शीळ घालेनासा झाला. आधी वाटलं, मनावर घेतलंय. मग बघितलं, तो डबा खातानाही भिंतीला टेकत नाही. विचारलं की उडवून लावायचा, "अगं, पाठ धरलीय." काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. साहेबांनी पगार वाढवून देतो म्हटलं, तरी थांबला नाही.

माझं लग्न झालं. मी मुलुंडला आले.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात तो अचानक दारात उभा. पत्ता वाकोल्याहून आईकडून घेतला म्हणाला. भर मे. पंख्याखाली आम्ही घामाने निथळत होतो, आणि त्याच्या अंगात लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

वाळला होता. डोळे मात्र तेच, हसरे.

"बस ना रे."

तो कॉटच्या अगदी कडेला बसला. मागे भिंत हातभर लांब. मी उशी पुढे केली, त्याने नको म्हटलं.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. त्याच्या आईच्या, माझ्या सासरच्या. मग मला राहवलं नाही.

"भीमराज, त्या दिवशी दाराशी काय झालं होतं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"शकुताईंनी त्याला सांगितलं, इथून ऊठ. तो उठला. साधा माणूस गं, बायकोचं ऐकलं त्याने." त्याने स्वेटरचं वरचं बटण चाचपलं. "पण उठून कुठे जायचं... ते नाही ना कुणी सांगितलं त्याला."

"आणि तू दारात होतास."

"मी दारात होतो."

पंख्याचा आवाज येत होता.

"तू सांग ना मग त्याला. जा म्हणून."

"रोज सांगतो. ऐकतो तो. थोडा हलका होतो. मग झोप लागते त्याला... परत टेकतो." तो हसला. "वाईट नाहीये गं तो. नुसती थंडी वाजते त्याला. माझी ऊब घेतो. तेवढंच."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं ना. म्हणतात, तुमचं अंग एवढं गार कसं? गोळ्या देतात."

मी त्याला जेवूनच जा म्हटलं. आत गेले, पोळ्यांची कणीक काढली. बोलत होते आतूनच. मधेच लक्षात आलं, तो उत्तर देत नाहीये.

मी बाहेर डोकावले.

भीमराजला डुलकी लागली होती. कॉटच्या कडेला बसल्या बसल्याच. मान मागे, तोंड किंचित उघडं, हात सैल मांडीवर.

तो मागे रेलला होता. चांगला, सगळं अंग सोडून.

आणि भिंत त्याच्यापासून हातभर लांब होती.

मी कणकेच्या हातांनी तशीच उभी राहिले. कुठलाही माणूस त्या अवस्थेत धाडकन मागे पडला असता. तो पडत नव्हता. दोघं पाठीला पाठ लावून झोपावेत, तसा... एकच माणूस.

मी त्याला हाक मारली.

त्याने डोळे उघडले नाहीत.

परत मारली. जोरात. तेव्हा उघडले. कसनुसं हसला, म्हणाला, "डोळा लागला गं." जेवला, रांगत आलेल्या माझ्या मुलीला लांबूनच हात दाखवला, जवळ येऊ दिलं नाही, आणि गेला.

त्यानंतर मला तो दिसलेला नाही. मानखुर्दला चौकशी केली. ती खोली सोडून गेले म्हणाले. कुठे, कुणाला माहीत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या हाकेच्या मधे फार वेळ गेला नसेल. पण तेवढ्या वेळात माझ्या पहिल्या हाकेला कॉट करकरली होती. भीमराज हलला नव्हता...

मग माझी हाक ऐकून जागं कोण झालं होतं?